साखर कोणी वाटली होती?

आमच्या तात्याआजोबांना सातारच्या कोर्टात विचारलेला पहिला प्रश्न घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. "दत्तविधानाच्या दिवशी साखर कोणी वाटली?" तात्या तेव्हा तिशीचे. लग्न झालेलं, पदरी दोन मुलं. साखर वाटली गेली तेव्हा ते पाच वर्षांचे होते. ते म्हणाले, "मला मिळाली एवढं आठवतं. कोणी दिली ते नाही." समोरच्या वकिलांनी हे वाक्य कागदावर घेतलं आणि युक्तिवादाच्या वेळी त्याचा पुरेपूर उपयोग केला. ज्याला स्वतःच्या दत्तविधानात साखर वाटणाऱ्याचं नाव सांगता येत नाही, त्याचं दत्तविधान झालंच कशावरून?

आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा इथे थांबायची आणि सुपारी कातरायला घ्यायची. आम्हा मुलांना राग यायचा तो साखरेचा नाही. ती पंचवीस वर्षांनी विचारली जाते याचा.

झालं होतं असं. वाईच्या अलीकडे कृष्णाकाठी आमचं घर. पणजोबांचे थोरले भाऊ विभक्त होते आणि मूलबाळ न होता वारले. त्यांच्या विधवेनं, आम्ही तिला थोरली आजी म्हणतो, १९०८च्या सुमारास लांबच्या नात्यातला पाच वर्षांचा मुलगा मांडीवर घेतला. मुंबई इलाख्यात विधवेला एवढी मोकळीक होती. नवऱ्यानं स्पष्ट मनाई केलेली नसेल तर तिला त्याच्या परवानगीवाचून दत्तक घेता यायचं. बंगालमधल्या विधवेला ही सोय नव्हती आणि मद्रासकडे सासरच्या सपिंडांची, म्हणजे जवळच्या भाऊबंदांची, संमती लागायची. आमच्याकडे नीळकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखाचा आधार मानत. हा पंडित काशीचा, पण त्याचं घराणं मूळचं पैठणचं. आमचे वकीलकाका त्याचं नाव घेताना उगाच ताठ बसायचे, जणू चुलत्याचीच गोष्ट सांगताहेत.

तर थोरल्या आजीनं रीतसर मुलगा घेतला. होम झाला. सोवळ्यातल्या बाईनं होमाला बसायचं नाही म्हणून ते उपाध्यायांकरवी झालं. मुलाला मांडीवर घेऊन तिनं त्याची टाळू हुंगली. तो विधीचाच भाग आहे, पण आजी सांगायची की थोरली आजी टाळू हुंगताना तिथेच थांबून राहिली आणि भटजींना दोनदा खाकरावं लागलं. अडचण होती ती पलीकडच्या बाजूला. मुलाचे वडील आधीच गेलेले. मूल द्यायचा अधिकार फक्त बापाला, आणि बाप नसेल तर आईला. आई विधवा, ती चार पुरुषांत बाहेर येईना. ती माजघराच्या दारात उभी राहिली, तिनं मान हलवली आणि तिच्या भावानं मुलगा उचलून थोरल्या आजीच्या मांडीवर ठेवला.

भाऊबंदांनी धरलं ते एवढंच. मामाला भाचा देण्याचा अधिकार नाही, सबब दत्तक नाही.

आता ते लगेच का बोलले नाहीत? इथे कायद्याची एक गंमत आहे आणि ती वकीलकाकांनी मला सांगितल्यावरच मला सगळी गोष्ट कळली. दत्तक खोटं आहे असा नुसता ठराव कोर्टाकडून मागायचा, तर त्याला सहा वर्षांची मुदत होती. पण जमिनीचा ताबाच मागितला तर मुदत वेगळी, विधवेच्या मृत्यूपासून बारा वर्षं. मुंबई इलाख्यातल्याच एका दाव्यात विलायतेतल्या शेवटच्या अपिलाच्या कोर्टानं, प्रिव्ही कौन्सिलनं, १९२४ साली हे पक्कं केलं. म्हणजे ज्यांना दत्तकाचं वैर साधायचं त्यांनी गप्प बसायचं, मुंजीला जेवायचं, लग्नात अक्षता टाकायच्या आणि बाई जाण्याची वाट बघायची. थोरली आजी १९३१ साली गेली. तेराव्याला जेवून गेलेल्या पंगतीतूनच दुसऱ्या वर्षी दाव्याचा समन्स आला. मामा तोवर वारलेले, भटजी वारलेले, जन्मदाती आई अंथरुणाला खिळलेली. जिवंत साक्षीदार म्हणजे ज्याच्याबद्दल सगळा वाद तो पोरगा.

तात्या दावा जिंकले. द्यायचं ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याला सोपवता येत नाही, पण ठरल्यावर मूल उचलून ठेवण्याचं काम सोपवता येतं, असं मुंबईच्या न्यायालयानं आधीच धरलेलं होतं. माजघराच्या दारातली ती हललेली मान एका वृद्ध शेजारणीनं पाहिली होती. तिची जबानी घरी जाऊन घेतली आणि तेवढ्यावर निभावलं. पण अपील धरून दहा वर्षं गेली. जिंकलेल्या जमिनीतला मळ्याचा तुकडा वकिलांच्या फीपायी गेला तो गेलाच. तात्या म्हातारपणी म्हणायचे, "मला आईनं मांडीवर घेतलं एकदा. कोर्टानं घेतलं दहा वर्षांनी."

सातारकरांना दत्तकाचं वेड का, याला कारण आहे. तिथल्या गादीचंच दत्तक नाकारलं गेलं होतं. अप्पासाहेब महाराज ५ एप्रिल १८४८ रोजी वारले. मृत्यूच्या आधी काही तासांत त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. डलहौसी नुकताच गव्हर्नर जनरल होऊन आलेला. साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रियर याचं मत दत्तकाच्या बाजूचं होतं, पण ते चाललं नाही आणि राज्य खालसा झालं. माझ्या आजीच्या आजीनं ही गोष्ट लहानपणी ऐकलेली. आजीच्या तोंडी येईपर्यंत तिच्यात बरंच मीठमसाला भरला होता, राजवाड्यातले मोर त्या रात्री ओरडले वगैरे. मोरांचं सोडून देऊ. मला त्यातली खरी मेख नंतर वाचताना दिसली. दत्तक खोटं आहे असं कंपनी सरकार म्हणतच नव्हतं. खाजगी मालमत्तेपुरतं, पिंडदानापुरतं ते खरं, फक्त गादीपुरतं चालणार नाही, कारण त्याला सार्वभौम सरकारची मंजुरी नाही. एकच मुलगा, एकच विधी. श्राद्धाला मुलगा आणि दरबारात कोणी नाही. झाशीला पाच वर्षांनी हेच झालं. गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी, २० नोव्हेंबर १८५३ रोजी, इंग्रज अधिकाऱ्यांना समोर बसवून मुलगा घेतला, तरीही. पुढे सत्तावन्नचा वणवा पेटून गेल्यावर व्हाइसरॉय कॅनिंगनं १८६२ साली संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. त्या सनदा मिळाल्या म्हणून कवळाण्याचा गोपाळराव बडोद्याचा सयाजीराव आणि कागलचा यशवंतराव कोल्हापूरचा शाहू निर्वेधपणे होऊ शकला. दोघंही मांडीवर घेतलेलीच मुलं. डलहौसीचं गणित चालू राहिलं असतं तर या दोन नावांवाचूनचा महाराष्ट्र कसा दिसला असता, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

वकीलकाकांचा आवडता दावा मात्र ताईमहाराजांचा. ते पुण्याच्या लॉ कॉलेजात शिकत होते तेव्हा त्यांना शिकवणाऱ्या जुन्या वकिलांपैकी कोणीतरी तो दावा जवळून पाहिलेला होता, आणि काका तो सांगायला लागले की ताटातली भाकरी वाळायची. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित १८९७ साली वारले. मृत्युपत्रात लोकमान्य टिळक विश्वस्त. विधवा ताईमहाराज तेव्हा गरोदर होत्या. मुलगा झाला आणि काही आठवड्यांत गेला. मग दत्तकाची गोष्ट निघाली. जून १९०१मध्ये ताईमहाराजांना घेऊन टिळक आणि त्यांचे सहकारी खापर्डे निजामाच्या हद्दीत औरंगाबादला गेले. तिथे पंडित घराण्याच्याच शाखेतला जगन्नाथ नावाचा मुलगा निवडला गेला आणि दत्तक घेतला गेला. पुण्याला परतल्यावर बाईंच्या कानाशी दुसरी माणसं लागली. औरंगाबादला तसं काही झालंच नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि त्याच वर्षी त्यांनी कोल्हापूरचा बाळामहाराज मांडीवर घेतला. एका मेलेल्या माणसाला दोन मुलगे.

मग जे झालं ते टिळकचरित्रात सगळेच वाचतात. प्रोबेट रद्द, खोट्या साक्षीचा फौजदारी खटला, १९०३ साली शिक्षा, १९०४ साली हायकोर्टात सुटका. टिळकांचं चरित्र म्हणून ते महत्त्वाचं आहेच. पण काका विचारायचे, "त्या पोराचं काय?" दत्तकाचा दिवाणी दावा खालच्या कोर्टात एक, हायकोर्टात दुसरंच, असा झोके घेत विलायतेला गेला आणि प्रिव्ही कौन्सिलनं मार्च १९१५मध्ये औरंगाबादचं दत्तक खरं ठरवलं. प्रत्यक्ष देणं आणि घेणं झालं, हातांनी झालं, हे पुराव्यानं सिद्ध आहे. झालं, एवढंच. त्याला चौदा वर्षं. जगन्नाथ महाराजांचं पोरपण त्यात संपलं आणि बाळामहाराजांना ज्या घरी आणलं त्या घराचे ते कधी नव्हतेच असं निघालं. दोघांपैकी एकानंही काही केलं नव्हतं. ताईमहाराज तर १९०३ सालीच वारल्या.

तेव्हाची पुस्तकं चाळली की हसावं की रडावं कळत नाही. एकुलता एक मुलगा दत्तक देता येतो का? मुंबई हायकोर्टानं १८८९ साली ठरवलं, नाही. दहा वर्षांनी प्रिव्ही कौन्सिल म्हणालं, येतो. मधल्या दहा वर्षांत ज्यांची दत्तकं त्या कारणानं मोडली ते काय करणार? केशवपन न केलेल्या विधवेनं घेतलेलं दत्तक चालतं का, यावरही मोठमोठ्या वकिलांनी संस्कृत वचनं काढून एकमेकांवर फेकली. बाईचे केस आणि मुलाचा वारसा यांचा संबंध काय, हे विचारायचं धाडस कोणी केलं असेल तर ते मला छापील सापडलेलं नाही.

पण दत्तकाचं दुखणं फक्त दत्तकाला होतं असं मात्र नाही. माईआत्याची गोष्ट ऐकली की दुसरी बाजूही दिसते. ही वडिलांची आत्या, कऱ्हाडजवळ दिलेली. १९१८च्या मानमोडीत, इन्फ्लुएन्झाच्या साथीत, नवरा गेला, तिचं वय तेव्हा सोळा की सतरा. सासरा आणि नवरा एकत्र कुटुंबातले, त्यामुळे सगळं सासऱ्याकडे राहिलं. सासरा १९२६ साली गेला आणि जमीन त्याच्या पुतण्याकडे आली. माईआत्याला वाड्यातली एक खोली, वर्षाला धान्य आणि दोन लुगडी. पुतण्या माणूस वाईट नव्हता. विहीर खणली, बांध घातले, माळ होता तिथे ऊस आणला.

विधवेनं दत्तक घेतलं की तो मुलगा नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवशीच जन्मला असं कायदा धरायचा. मग मधल्या काळात मालमत्ता ज्याच्याकडे गेली त्याच्याकडून ती परत घ्यायची का? मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानं १९३७ साली म्हटलं, एकत्र कुटुंब संपून मालमत्ता वारसाकडे गेली की विषय संपला. एका पाटील घराण्यातला शेवटचा पुरुष १९१७ साली गेला होता आणि तिथल्या विधवेनं १९३० साली दत्तक घेतलं होतं. ते प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि १९४३ साली निकाल उलटा लागला. विधवा आहे तोवर कुटुंब संपलेलं नाही. ती दत्तक घेईल तेव्हा मालमत्ता परत येईल.

काका म्हणायचे, त्रेचाळीसनंतर जिल्ह्याजिल्ह्यांत विधवांचे भाव वाढले. कालपर्यंत जिला कोणी पाणी विचारत नव्हतं तिच्या खोलीत मुलं घेऊन लोक येऊ लागले. माईआत्याकडेही आले. तिनं १९४४ साली नवऱ्याच्या भाऊबंदांतला वीस वर्षांचा मुलगा घेतला. ज्याला मिशा फुटलेल्या, तो मांडीवर कसा बसणार? तो पाटावर शेजारी बसला आणि तिनं त्याच्या डोक्याला हात लावला. आणि या मुलानं सव्वीस वर्षं मागे जाऊन ऊस, विहीर, बांध सगळ्यावर हक्क सांगितला. गावानं मध्ये पडून निम्म्यावर तडजोड केली. पुतण्यानं अखेरपर्यंत माईआत्याचं तोंड पाहिलं नाही. आजीला त्याची कणव यायची. माझ्या आईला यायची नाही. आई म्हणायची, "सव्वीस वर्षं दोन लुगड्यांवर काढली तिनं. तिलाही कधीतरी कायदा फळायचाच होता." मी या भांडणात अजून कोणाच्या बाजूला आहे ते मला सांगता येत नाही.

हा सगळा गुंता १९५६च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्यानं कापला. ज्यांनी तो लिहिला त्यांनी असल्या वाड्यांतल्या गोष्टी नक्की ऐकल्या असणार, कारण कलमाकलमाला त्यांची सावली आहे. दत्तक मुलगा दत्तकाच्या दिवसापासून मुलगा, मागे जाणं बंद. आधी कोणाकडे गेलेलं त्याच्याकडून काढता येणार नाही. होम नसला तरी चालेल. झालेलं दत्तक रद्द करता येणार नाही, घेणाऱ्यालाही नाही आणि मुलालाही नाही. दोन्हीकडच्या सह्यांचं नोंदणीकृत दत्तकपत्र असेल तर कोर्टानं दत्तक खरंच आहे असं धरून चालायचं. खोटं म्हणणाऱ्यानं ते सिद्ध करावं. साखरेचा प्रश्न यापुढे तात्यांना नव्हे, भाऊबंदांना. तात्यांनी हे कलम काकांकडून दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "आता सांगतात होय?"

पण कापलेल्या दोराची टोकं राहतातच. रद्द होत नाही ते ‘वैध’ दत्तक. आणि वैध नसण्याची कारणं कायद्यानंच भरपूर ठेवली. पत्नीची संमती नव्हती, वयातलं अंतर एकवीस वर्षांहून कमी भरलं, घरात आधीच मुलगा होता. यातलं एक जरी निघालं तरी दत्तक मुळातच शून्य. तीस वर्षांनी निघालं तरी शून्य. मोठ्यांनी केलेल्या चुकीचा दंड मूल भरतं आणि तेही मोठं झाल्यावर, ही जुनी चाल कायम राहिली.

आणि मुली? जुन्या कायद्यात मुलीचं दत्तक मुळी नव्हतंच. आजीची सोलापूरची बहीण, आमची मावसआजी, तिनं १९३८च्या सुमारास पंढरपूरच्या बालकाश्रमातून एक मुलगी आणली. प्रार्थना समाजाच्या लोकांनी १८७५ साली काढलेला हा आश्रम. पंढरीच्या वाटेवर, वाळवंटात, धर्मशाळेत टाकलेली मुलं तिथे वाढायची. त्याआधी जोतीराव फुल्यांनी पुण्यात एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, १८७४ साली दत्तक घेतला आणि १८८७ साली मृत्युपत्र करून ठेवलं. फुल्यांना कायद्याची आणि भाऊबंदांची दोघांचीही जात ओळखता येत होती. मावसआजीच्या यजमानांना ती येत नव्हती. मुलीला शाळेत घातलं, पेटी शिकवली, लग्न करून दिलं. कागद मात्र केला नाही. "माझी मुलगी आहे, तिला कागद कशाला?" असं ते म्हणत. ते १९४९ साली गेले, मावसआजी १९५४ साली. विधवेचा हक्क तेव्हा हयातीपुरताच असे. ती गेली आणि पुतण्यांनी घर घेतलं. कायद्यानं ते चुकीचंही नव्हतं. पेटी कोणाची यावर घासाघीस झाली, असं आजी सांगायची. अखेर एका पुतण्याच्या बायकोनं, नवरा कचेरीत गेलेला बघून, ती हमालाच्या डोक्यावर देऊन मुलीकडे पाठवली. दोन वर्षांनी मुलगी दत्तक घेता येईल असा कायदा आला. तोवर ही दोन लेकरांची आई होती.

हिंदू नसलेल्यांची अवस्था त्याहून वाईट. मुंबईतल्या पारशी किंवा ख्रिस्ती जोडप्यानं मूल आणलं तर १८९०च्या पालकत्वाच्या कायद्याखाली त्यांना पालक म्हणून नेमत. मूल सज्ञान झालं की पालकत्वही संपलं, नातं कागदावर शून्य. सर्वांसाठी एकच दत्तक कायदा करायचं विधेयक १९७२ साली राज्यसभेत आलं, विरोधामुळे १९७८मध्ये मागे घेतलं गेलं, १९८०चं पुढचं विधेयकही तसंच बारगळलं. शेवटी दार उघडलं ते बाल न्याय कायद्यानं. २००० साली तो आला, २००६च्या दुरुस्तीनं त्यातला दत्तकाचा भाग भक्कम झाला, २०१५ साली नव्यानं लिहिला गेला. धर्म कोणताही असो, संस्थेतून मूल घ्या, कोर्टाचा आदेश मिळवा, मूल तुमचं. घरात एक मुलगी असताना दुसरी घेता येते हेही मुंबई हायकोर्टानं २००९ साली याच कायद्याच्या आधारे मान्य केलं. छप्पनचा कायदा तिथे आडवा येत होता. मला विचाराल तर या साऱ्या कहाणीतली सर्वांत मोठी सुधारणा ही. देणं-घेणं हातांनी झालं की नाही याची उठाठेव संपली. न्यायाधीशांनी तपासून सही केली, विषय संपला.

तो संपला असं आम्ही २०२२च्या ऑगस्टपर्यंत समजत होतो.

माझ्या पुतणीचं आणि तिच्या नवऱ्याचं बाळ त्या उन्हाळ्यात घरी आलं. आठ महिन्यांची मुलगी. दत्तकपूर्व संगोपनात ती घरी आणि अर्ज कोर्टात, अशी नेहमीची रीत. तारीखही मिळाली होती. मग कळलं की १ सप्टेंबरपासून कायदा बदलला. २०२१ साली संसदेनं बाल न्याय कायद्यात दुरुस्ती केली होती, ती आता अमलात आली. दत्तकाचा आदेश यापुढे कोर्ट नव्हे, जिल्हाधिकारी देणार. कारण सांगितलं गेलं ते खरंही होतं: कोर्टात प्रकरणं रखडतात. दोन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो आणि तो कुठेच लागत नव्हता. पण आधीपासून कोर्टात असलेली प्रकरणंही जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा, अशी पत्रं निघाली. पुतणीची फाईल कोर्टातून निघाली आणि पलीकडच्या कचेरीत पोचली की नाही, हे पुढचे कित्येक आठवडे कोणी सांगेना. एका टेबलावरचा माणूस म्हणे, आलेली नाही. दुसऱ्या टेबलावरचा म्हणे, आली आहे पण आम्हाला अजून सूचना नाहीत.

पुतणीला चिंता होती ती उशिराची. माझ्या डोक्यात मात्र तात्या. अर्ज केला तेव्हाचा कायदा एक, आदेश देणारा अधिकारी दुसराच. उद्या वीस वर्षांनी एखादा चुलतभाऊ उठून म्हणाला, ज्यानं सही केली त्याला ती करायचा अधिकारच नव्हता, तर? नेमक्या अशाच प्रकरणाची याचिका मुंबई हायकोर्टापुढे गेली आणि जानेवारी २०२३मध्ये खंडपीठानं अंतरिम आदेश दिला: प्रलंबित प्रकरणं हलवू नका, कोर्टांनीच चालवावीत. फाईल परत फिरली. जिल्ह्याच्या कोर्टात बंद दाराआड दहा मिनिटांची सुनावणी झाली. न्यायाधीशबाईंनी मुलीला किल्ल्यांचा जुडगा खेळायला दिला होता. ती तो परत देईना, म्हणून सही व्हायला दोन मिनिटं जास्त लागली.

जिल्हाधिकारी वाईट आणि न्यायाधीश चांगले असं माझं म्हणणं नाही. जिल्हाधिकाऱ्यांचं काम झपाट्यानं होतही असेल. पण पूर, निवडणूक आणि टँकर यांतून वेळ काढून केलेल्या सहीला आणि वारस कोण हे ठरवण्याचाच धंदा असलेल्या माणसाच्या सहीला पुढे दाव्यात सारखंच वजन येईल का, याची मला खात्री वाटत नाही. दुरुस्ती करायचीच होती तर आधी दोन ओळी लिहायला हव्या होत्या. एक अशी की बदलाच्या काळात कोर्टानं दिलेला असो वा जिल्हाधिकाऱ्यानं, कोणताही दत्तक-आदेश केवळ अधिकाराच्या मुद्द्यावर अवैध मानला जाणार नाही. दुसरी अशी की ठराविक मुदत उलटल्यावर आदेशाला हात लावता येणार नाही, मग दावा दत्तकाच्या नावानं येवो, ताब्याच्या नावानं येवो की वाटणीच्या. मूल पळवून आणलं होतं असं निघालं तर गोष्ट वेगळी. पण ती तक्रार जन्मदात्यांची आणि खुद्द मुलाची. जमिनीवर डोळा ठेवून पंचवीस वर्षं पंगतीला बसणाऱ्याची नव्हे. छप्पनच्या कायद्याखाली घरच्या घरी होणाऱ्या दत्तकांनाही हाच नियम लावायला काय हरकत आहे? वयातलं अंतर वीस वर्षं अकरा महिने भरलं, तर शून्य व्हायचं ते मुलाचं नातं का?

वकीलकाका आता नाहीत. त्यांच्या मुलीनं, ती मुंबईला वकिली करते, हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अशा ओळी लिहिणं अवघड नाही. संसद कायदे करताना कितीदा लिहिते. आधीच्या आदेशांना पंखाखाली घ्यायचं, एवढंच." मग तिनं पुतणीला आदेशाच्या सही-शिक्क्याच्या प्रती किती काढल्या ते विचारलं. पुतणी म्हणाली, एक. "पाच काढ," ती म्हणाली, "आणि दोघंही मृत्युपत्र करा. याच महिन्यात." पुतणीच्या नवऱ्यानं विचारलं, इतका चोख कोर्टाचा आदेश असताना मृत्युपत्र कशाला. तिनं त्याला तुझे चुलतभाऊ किती, एवढंच विचारलं.